अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची वंशावळ, मुक्काम इंझोरी

माझं वय अजून तिशीच्या आत आहे. आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं मी संपादकांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की भाटाचा धंदा करणारा आणि तोच धंदा बुडावा म्हणून पत्रकं काढणारा असा वऱ्हाडात एकच इसम त्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यानं वय मोजत बसू नये. म्हणून लिहितो. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं बदललेलं नाही.

भाट म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढं राजाच्या दरबारात स्तुती ओरडणारा फेटेवाला उभा राहतो. आमच्या घरात असा कुणी झाला नाही. आम्ही पायी हिंडणारे भाट. वाशीमच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या वंशावळी आमच्या वहीत असतात. वही म्हणजे हातभर लांब, वीतभर रुंद, लाल खारव्याच्या कापडात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा. ज्वारी घरात आली, कापूस वेचून झाला, की माघ-फाल्गुनात आम्ही निघायचो. घरधनी ओसरीवर घोंगडं टाकतो, वहीला कुंकू लावतो आणि आम्ही मूळ पुरुषापासून वाचायला लागतो. अमक्याला पुत्र तीन, थोरला अमका, त्याला पुत्र दोन. वर्षभरात मुलगा झाला असेल तर त्याचं नाव लिहायचं. याला नाव चढवणं म्हणतात. वाचताना बाया दाराआड उभ्या राहतात. दोन वर्षांचं होऊन वारलेल्या पोराचं नाव आलं की आतून हुंदका ऐकू येतो. त्या पोराचं नाव जगात दुसरीकडं कुठं लिहिलेलं नसतं. या एका गोष्टीसाठी मला माझ्या धंद्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

बाकीच्या गोष्टींसाठी लाज आहे. तीही लपवत नाही.

आमच्या आजोबांनी अर्ध्या वऱ्हाडाला चितोडहून आणलं. ज्याच्या घरी जेवण चांगलं मिळालं, त्याचा मूळ पुरुष चितोडचा. चितोडात मागं कोण उरलं असेल, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. अनसिंगचा एक म्हातारा तर दर साली विचारायचा, "यंदा आमचा मूळ पुरुष कोनत्या गावचा हाय, भाटा?" तो थट्टा करायचा, पण उत्तर लक्ष देऊन ऐकायचा.

वाशीमला गावाला लागूनच भाजीपाल्याचे मळे आहेत. तिथल्या एका माळणीनं मला पहिल्याच हंगामात गाठलं. मी तिच्या घरची वही वाचत होतो. ती मिरच्यांची पाटी खाली ठेवून म्हणाली, "माहे लेकरं पाच. तुह्या वहीत दोन. बाकीच्या तिघी काय मले वांग्याच्या वाफ्यात सापडल्या?"

मी घरी येऊन बाला, म्हणजे वडिलांना, विचारलं. बा म्हणाला, "पोरी दुसऱ्याच्या वहीत जातेत." मी त्यांच्या सासरची वही उघडली. तिथं त्या 'अमक्याची लेक' म्हणून होत्या. नाव तिथंही नव्हतं. माझं पहिलं पत्रक या विषयावर आहे. अकोल्याला छापून आणलं, बाजारच्या दिवशी वाटलं, आणि पुढचा आठवडाभर वाशीमचे पानवाले त्यात तंबाखू बांधून देत होते. मला वाईट वाटलं नाही. तंबाखू काढून घेतल्यावर कागद वाचणारी माणसं असतात.

पत्रकांवरच मी वाढलो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, दीड-दोन आण्यांच्या पुस्तिकांतून. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, सावकारीविरुद्ध, परदेशी कापडाविरुद्ध. वहीच्या झोळीतच माझी पत्रकं असायची. बा म्हणायचा की एका झोळीत देव आणि विंचू घेऊन हिंडतो पोरगा. दोघांपैकी विंचू कोणता, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

अमेरिकेच्या त्या राष्ट्राध्यक्षाची गाठ मला या बाकावरच पडली. ज्यानं गुलामांना बंधमुक्त केलं, तो. त्याचं नाव वाचकांना माहीत आहे. मी ते लिहीत नाही, कारण ज्याच्या घरी आपण जेवलो नाही त्याचं नाव भाटानं कागदावर उतरवू नये असा आमच्यात नियम आहे. बाकीचे बरेच नियम मोडल्यावर एखादा पाळावा असं मला वाटतं.

ती पुस्तिका पातळ होती. पहिल्या पानावर लाकडी ओंडक्यांची झोपडी आणि चुलीच्या उजेडात वाचणारा मुलगा. पान उलटलं की तो थेट मोठा झालेला. माझं समाधान होईना. आम्हाला धंद्याची खोड असते. बाप कोण, आजा कोण, हे कळल्याशिवाय माणूस डोळ्यांपुढं येतच नाही. वाशीमला शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. त्यांच्याकडं त्याच माणसाचं जाड इंग्रजी चरित्र होतं. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं जायचो आणि ते वाचून अर्थ सांगायचे. तिकडं भाट नाहीत. हा माणूस थोर झाल्यावर लोकांनी त्याचे पूर्वज शोधायला घेतले, ते देवळांच्या नोंदींत, मृत्युपत्रांत, जमिनीच्या कागदांत. त्याला स्वतःला आजोबांच्या पलीकडचं फारसं ठाऊक नव्हतं. इतका मोठा माणूस, आणि आजोबाच्या बापाचं नाव धड सांगता येऊ नये! आमच्या इंझोरीत असा माणूस ओसरीवरून उठवला असता.

चार-पाच रविवारांत मला पुरता माल मिळाला. मी वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि आमच्या रीतीप्रमाणं मोडीत त्याची वंशावळ लिहून काढली. नाव एकाचंही नाही, फक्त नाती आणि हकीगत.

मूळ पुरुष विलायतेत विणकराच्या हाताखाली काम शिकलेला पोरगा. जहाजात बसून समुद्रापार गेला. पुढं काही पिढ्या बऱ्या निघाल्या. जमिनी झाल्या, कुणाची लोखंडाची भट्टी झाली. आजोबा डोंगर ओलांडून रानात गेला आणि तिथं मोठी जमीन धरली. ती जमीन ज्यांची होती त्यांना कुणी विचारलं होतं का, असं मी मास्तरांना विचारलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या लोकांपैकीच कुणीतरी आजोबाला त्याच्या वावरात गोळी घातली. तीन पोरं तेव्हा वावरातच होती. थोरला घराकडं पळाला, बंदूक आणली आणि धाकट्याला धरायला आलेल्या माणसाला त्यानं टिपलं. धाकटा वाचला. पण आजोबानं मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आणि तिथला तेव्हाचा कायदा असा की अशा वेळी सगळी जमीन थोरल्याची. ज्याचा जीव भावानं वाचवला, त्याला जमिनीतलं ढेकूळ मिळालं नाही. तो मजुरी करत वाढला, सुतार झाला, सही करतानाही अडखळायचा. त्याची बायको अशी, की तिच्या आईचं नाव सापडतं, बापाचं खात्रीनं कुणाला सांगता येत नाही. तिच्या पोटी हा मुलगा. ती लवकर वारली. मग सुतारानं तीन लेकरांची एक विधवा करून आणली. तिनं सवतीच्या पोराला पोटच्यासारखं वाढवलं, आणि तो तिला जन्मभर आई म्हणत राहिला.

हे लिहून झाल्यावर मी पान परत परत वाचलं. आमच्या वहीच्या हिशेबानं या घरात डागच डाग होते.

आता इंझोरी. दुसरं युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. बाला मोतीबिंदू झाला होता, म्हणून त्या हंगामात वही माझ्याच खांद्यावर होती.

नारायणराव हे गावातले मोठे खातेदार. त्यांचे वडील देवराव आदल्या पावसाळ्यात गेले. देवरावांची पहिली बायको नारायणराव चार वर्षांचे असताना वारली. मग देवरावांनी कौसाबाई नावाच्या विधवेशी पाट लावला. शेतकऱ्यांत विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. होतं, पण त्याची किंमत लग्नाइतकी धरत नाहीत. कौसाबाईंनी नारायणरावांना वाढवलं आणि त्यांना स्वतःचा एक मुलगा झाला, महादेव. आमच्या घराण्याची रीत अशी, की पाटाची बायको आणि तिची मुलं डाव्या समासात बारीक अक्षरात लिहायची. बानं ती दोन नावं तशी लिहून ठेवली होती.

मी गेलो तेव्हा नारायणरावांच्या मुलीची, सुमित्राची सोयरीक चालली होती. मुलगा दाजीसाहेब देशमुखांचा नातू. देशमुख मंडळी आठ दिवसांनी यायची होती, आणि सोयरिकीच्या बैठकीत वही वाचली जाते. कोर्टात जसा दस्त, तशी तिथं वही.

नारायणराव मला गोठ्यामागं घेऊन गेले. "गणपतराव, पान नवं लिवा. जुनं वाळवीनं खाल्लं म्हना."

"नव्यात काय राहू देऊ नको?"

"बाच्या खाली मी एकटा."

"अन् महादेव?"

"महादेव हायेच की. खाऊन-पिऊन वावरात काम करून राह्यला. वहीत नसला म्हनून का त्याची भाकर बंद होनार हाय?"

भाकर बंद होणार नव्हती, हे खरं. पण वहीत नाव नसलेल्याला कुणी मुलगी देत नाही. आज भाऊ म्हणून राबणारा महादेव उद्या नारायणरावांच्या मुलांच्या राज्यात सालदार म्हणून राबला असता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. देवराव जिवंत नव्हते. त्यांचा तो मुलगा आहे असं सांगणारा कागद त्या गावात एकच होता, आणि तो माझ्या झोळीत होता.

"म्या नाही लिवत असं," मी म्हणालो.

"तुह्या बानं लिवलं असतं."

"म्हनूनच म्या नाही लिवत."

नारायणराव हसले. "पोरा, चाळीस गावं तुले जेवू घालतेत. त्याईच्यातलं पह्यलं इंझोरी हाय. इचार कर."

मी तावातावानं बाहेर पडलो. कौसाबाई भिंतीवर गोवऱ्या थापत होत्या. त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, माउली आता आशीर्वाद देणार.

"काय म्हने नारायण?"

मी सगळं सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही जरा चढवूनच सांगितलं.

शेणाचा गोळा हातातच ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुले कोनं सांगतलं होतं नाही म्हनाले?"

"काकी, तुमचं नाव..."

"माहं नाव घेऊन मी का लोनचं घालू? गाळ म्हनून म्याच सांगतलं नारायणाले. सुमी माह्या मांडीवर वाढली. तिचं चांगल्या घरी होऊन राह्यलं, अन् तू मधात घुसला."

"अन् महादेवाचं?"

त्यांनी गोवरी थापली, ती वाकडी बसली, काढून पुन्हा थापली. "त्याचं गाळाचं म्या नव्हतं म्हटलं," त्या हळू म्हणाल्या. "नारायण म्हने, माय गाळली त पोरगा कसा ठेवाचा."

दहा हंगामांत मी पुष्कळ पत्रकं काढली. ज्या बाईसाठी भांडायचं तिला आधी विचारावं, हे एकाही पत्रकात नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि झोळीतून वहीचं शेवटचं पान काढून त्यांना अमेरिकेची हकीगत वाचून दाखवली. त्या थापता थापता ऐकत होत्या. सावत्र आईच्या भागाशी त्यांचा हात थांबला.

"तिचं नाव लिवलेलं हाय काय तिकडं?"

"हाय. सगळ्या चरित्रात हाय. समासात नाही, मधात."

"अन् त्या पोराले कोनी पोरगी देल्ली काय?"

"देल्ली."

"बऱ्या घरची?"

"चांगली खानदानी. तिच्या घरच्याईले पसंत नव्हतं, तरी देल्ली."

कौसाबाईंनी उरलेलं शेण पाटीत टाकलं. मग हात धुऊन आल्या. "मंग लिव," त्या म्हणाल्या. "दोघायचं लिव. पन सुमीचं मोडलं त पाय भाटा, तुह्या दारात येऊन बसीन. हालनार नाही."

वाशीमला घरी आलो. बाला सांगितलं. बाला दिसत नव्हतं, पण त्यानं चेहरा अचूक माझ्याकडं वळवला. "वही त्यायची हाय, गन्या. आपन लिवनारे."

"त्यायची असती त त्यायनं लिवली असती."

"तोंड पाय कसं चालते! काय करशीन तिथं?"

"पह्यले त्या राष्ट्राध्यक्षाची वंशावळ वाचीन. त्यायले लाज वाटीन. मंग नारायणरावाची खरी वाचीन."

बा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "देशमुखाले लाज वाटासाठी अमेरिकेचा मानूस कायले पाह्यजे? त्याचं पान आपल्याच वहीत हाय. त्याच्या आज्याची माय पाटाची होती. तुह्या आज्यानं चाकूनं खरडून काढलं ते. कागदाले पार भोक पडलं होतं."

मी वही ओढून पान काढलं. खरोखरच होतं. गव्हाच्या दाण्याएवढं भोक, भोवती खरवडलेला कागद.

"पन आयक," बा म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "एका घरचं पान दुसऱ्या घरात उघडाचं नाही. हे मोडलं त तू भाट नाही, चोर हायेस. हे मोडशीन त माह्या घरात येऊ नको."

हा नियम मला मान्य होता. आजही आहे. लोकांच्या घरातलं लोकांच्या घरात ओतणाऱ्या माणसाला तत्त्वाच्या गोष्टी सांगायचा अधिकार राहत नाही.

बैठकीच्या दिवशी ओसरी गच्च भरली होती. दाजीसाहेब देशमुख लोडाला टेकून बसले होते. वय सत्तरीच्या पुढं, मिशा पांढऱ्या, पान खाण्याची सवय. महादेव पाहुण्यांना पाणी देत होता. पाहुण्यांपैकी एकानं त्याला "ए गड्या" अशी हाक मारली, आणि नारायणरावांनी ती दुरुस्त केली नाही.

मी वही उघडली आणि ठरवल्याप्रमाणं शेवटचं पान काढलं. घशाला जोर दिला. "मूळ पुरुष विणकराच्या हाताखालचा. समुद्र ओलांडून गेला..."

इथं मी एक चूक केली, आणि अशी चूक भाटच करू शकतो. हे कुणाचं आहे, हे मी आधी सांगितलं नाही. शेवटी सांगून सगळ्यांना चकित करायचं होतं. पत्रकात आम्ही असंच करतो. पण ज्याच्या ओसरीवर भाट वाचतो, त्याच घरची ती वंशावळ, एवढं त्या ओसरीवरच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी आजोबाला गोळी घातली, सुताराला सही करता येईना, त्याच्या बायकोच्या बापाचा पत्ता लागेना. मला वाटलं, मंडळी तल्लीन होऊन ऐकत आहेत. मान वर केली तर नारायणरावांच्या तोंडावर रक्त नव्हतं आणि पाहुणे एकमेकांकडं बघत होते.

दाजीसाहेबांनी पान थुंकलं. "नारायणराव," ते म्हणाले, "तुमी कोष्टी हो? सांगतलं नाही आमाले."

"नाही हो दाजीसाहेब! हा... हा येडा झाला!"

"अन् समुद्र कोनता ओलांडला? पैनगंगा?"

ओसरीवर हशा पिकला. मी घाईघाईनं उभा राहून सांगितलं की हे घर इथलं नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं घर आहे, ज्यानं गुलाम मुक्त केले त्याचं. आणि अशा घरात तुम्ही मुलगी दिली असती का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. सगळे शांत होतील, असा माझा अंदाज होता. हशा दुप्पट झाला.

"नसती देल्ली," दाजीसाहेब डोळे पुसत म्हणाले. "अमेरिकेत देत असतीन, बाप्पा. आमी वऱ्हाडातले. आता नारायणरावाचं वाच, लवकर. ऊन होऊन राह्यलं."

माझे कान तापले होते. पान मात्र मी बदललं नव्हतं. जुनंच होतं, समासासकट. आदल्या दिवशी एवढंच केलं होतं की समासातली दोन नावं मध्ये, देवरावांच्या नावाखाली मोठ्या अक्षरात लिहिली होती. मी वाचायला लागलो. चितोड गाळलं. देवरावांपर्यंत आलो. "देवराव. त्यायची लग्नाची बायको सखूबाई, पोटी नारायण. त्यायची पाटाची बायको कौसाबाई, पोटी महादेव. देवरावाले पुत्र दोन."

या वेळी कुणी हसलं नाही. महादेव तांब्या घेऊन जिथं होता तिथं थांबला. ज्यानं "ए गड्या" म्हटलं होतं, तो पाहुणा हातातल्या पेल्याकडं बघायला लागला. देशमुखांकडचे दोघं उठले. दाजीसाहेबांनी काठीकडं हात नेला.

"पाट?" ते म्हणाले. "हे आमाले कोनं सांगतलं नाही."

नारायणराव झपाट्यानं पुढं आले. "आन इकडं ते पान! फाडून टाकतो!" घरधन्यानं वहीला हात लावायचा नसतो. त्यांनी लावला. मी वही छातीशी धरली आणि आमची ओढाताण झाली. त्यात खारव्याची गाठ सुटली आणि पानं घोंगड्यावर पसरली. मी गोळा करायला बसलो. दाजीसाहेब उभे होते. त्यांची नजर पानांवर होती.

"आमचंबी पान याच वहीत हाय काय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"तुह्या आज्याच्या हातचं?"

"हाव."

"वाच मंग. आयकू दे इथल्यायले, आमचं घर कसं हाय ते." हे ते मोठ्या आवाजात, सगळ्यांकडं बघत म्हणाले. त्या घराला आपल्या पानाची कधी भीती वाटली नव्हती.

मी मान हलवली. "तुमचं पान तुमच्या ओसरीवर वाचीन, दाजीसाहेब. इथं नाही."

"मीच म्हनून राह्यलो ना?"

"तुमी म्हटलं तरी नाही."

मी आणखी काही बोललो नाही. माझ्या तोंडावर काय दिसलं, ते मला सांगता येणार नाही. दाजीसाहेब माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांच्या कपाळावरची शीर हलली. लहानपणी ऐकलेलं काहीतरी वर येताना माणसाचं होतं तसं. त्यांनी काठी परत भिंतीला टेकवली आणि ते खाली बसले. उठलेले दोघे गोंधळून त्यांच्याकडं बघू लागले.

"बसा," दाजीसाहेब म्हणाले. "चहा नाही घेतला अजून." मग महादेवाकडं वळून, "काय नाव म्हटलं तुहं? महादेव? आन बापा चहा. अन् तुह्या मायले सांग, सोयरे बसले हायेत."

सोयरे. हा शब्द ओसरीवर पडला आणि आतून बांगड्या वाजल्या. सुमित्राची सोयरीक त्याच बैठकीत पक्की झाली. नारायणरावांनी मला शिधा दिला, डोळ्यांकडं न बघता. पुढच्या साली इंझोरीची आणखी दोन घरं मला बंद झाली. त्यांनाही समास होते.

मी जिंकलो, असं माझ्या मित्रांनी वाशीमला ठरवून टाकलं. मला ते पटलं नाही. अमेरिकेची हकीगत ऐकून ती माणसं बदलली नव्हती; पोट धरून हसली होती. दाजीसाहेब खाली बसले ते तत्त्वासाठी की धाकानं, हे मला कळेना. धाकानं बसले असतील, तर मी न बोलताही बाचा नियम मोडला होता. हा विचार मला महिनाभर चावत राहिला. शेवटी चैत्रात मी वही खांद्याला लावली आणि न बोलावता देशमुखांच्या गावी गेलो. त्यांचं पान त्यांच्या ओसरीवर वाचून मोकळं व्हायचं, मग काय होईल ते होवो.

दाजीसाहेबांनी मला पाहिलं आणि मुलांना, नातवांना बाहेर धाडलं. दार लोटून घेतलं.

"काय हाय त्या पानावर?"

मी दाखवलं. त्यांनी भोकावर बोट फिरवलं.

"खरडलं."

"माह्या आज्यानं. तुमच्या बापजाद्याईनं सांगतलं असीन."

त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला आणि तसाच बंद केला. मग म्हणाले, "त्या तुह्या राष्ट्राध्यक्षाच्या मायचं. तिच्या बापाचं नाव खरंच कोनाले ठाऊक नाही?"

"नाही."

"कोनी इचारलं नाही?"

"इचारलं. पन जवा इचारलं तवा सांगनारं कोनी राह्यलं नव्हतं."

दाजीसाहेबांनी मान हलवली. "आमच्यात अजून एक जन हाय सांगनारा, मी. माह्या आज्याची माय. म्या पाह्यली नाही. आजा सांगे, लय उंच होती, बैल एकटी जुपे." त्यांनी दाराकडं पाहिलं. "भागीरथी नाव होतं. लिव."

खरडलेल्या जागी लिहिता येईना, कागद उरलाच नव्हता. मी बोरू बुडवला आणि पानाच्या मधोमध, ओळीत लिहिलं. ते वाकून बघत होते. त्यांना मोडी येत होती की नाही, मला माहीत नाही.

"लिवलं," मी म्हणालो.

"वाच."

मी हळू आवाजात वाचलं, दार लोटलेलं होतं म्हणून.

दाजीसाहेब उठले. काठी न घेताच दारापर्यंत गेले आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. बाहेर ओट्यावर त्यांची मुलं, सुना, नातवंडं उभी होती.

"आता मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "सगळ्यायले आयकू गेलं पाह्यजे."